मान मोडून

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव अचानक देशभरच्या पेपरांत झळकलं. गाव बांशी, तालुका पुसद. तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की गावातल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाईल वापरायचा नाही. वापरताना सापडलं तर दंड. कारण साधं होतं. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर आला, म्हणून घरोघरी पोरांच्या हातात फोन द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन काही हातातून सुटेना.

बांशी यात एकटं नव्हतं. 'असर' म्हणून ग्रामीण भागातल्या शिक्षणाची एक पाहणी होते. तिचे आकडे सांगतात की २०१८ साली खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हाच आकडा ६७.६ टक्के झाला. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट! ही देशाची सरासरी आहे, पण पुसद तालुका काही वेगळ्या ग्रहावर नाही.

आता गंमत बघा. गावाला काळजी होती ती अभ्यासाची आणि व्यसनाची. पण मोबाईलबद्दल कुठलीही बातमी छापायची झाली की सोबतचं चित्र ठरलेलं असतं - पाठीला पोक काढून, मान खाली घालून बसलेलं पोरगं. मराठीत तर मानेचं आणि मानाचं नातं भलतंच घट्ट. मान खाली घालणे म्हणजे शरम, मान तुकवणे म्हणजे शरणागती, मान ताठ ठेवणे म्हणजे बाणा. त्यामुळे वाकलेली मान दिसली की आपण निदान आधी करून टाकतो आणि तपासणी मागाहून (बहुतेक वेळा करतच नाही). "या मोबाईलनं अख्ख्या पिढीच्या मानेची वाट लावली" हे वाक्य आपण सगळ्यांनी एकदा तरी ऐकलंय, नाही का?

तर या शनिवार-रविवारी ठरवलं, की या वाक्याचा जरा इतिहास बघू. मान आधी कशाकशानं वाकली, तेव्हा लोक काय म्हणाले, आणि त्यातलं खरं किती निघालं.

सुरुवात अलीकडून करू. 'टेक्स्ट नेक' हा शब्द २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लोरिडातल्या डीन फिशमन नावाच्या कायरोप्रॅक्टरनं रूढ केला. पण तो खरा पसरला २०१४ मध्ये. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी एक छोटा पेपर लिहिला. डोकं सरळ असेल तर मानेवर साधारण ५ किलो भार. १५ अंश वाकलं तर १२ किलो, ३० अंशांवर १८, ४५ अंशांवर २२ आणि ६० अंशांवर तब्बल २७ किलो! हे आकडे आणि सोबतचं ते पाच माणसांचं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असणार. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, व्हॉट्सअॅपवर, उशा विकणाऱ्यांच्या जाहिरातीत, सगळीकडे आहे ते.

इंजिनिअर मंडळींना यातलं गणित समजायला दोन मिनिटं पुरतात. बादली शरीराला चिकटून धरली तर काही वाटत नाही, तीच हात लांब करून धरली की खांदा बोंबलायला लागतो. बादलीचं वजन तेच, अंतर वाढलं. मानेचंही तसंच. डोकं पुढे गेलं की त्याचा भार मानेच्या मणक्यांपासून लांब जातो आणि मागचे स्नायू त्याला ओढून धरतात. ते स्नायू मणक्याच्या अगदी जवळ चिकटलेले, त्यामुळे त्यांना डोक्याच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. तो सगळा जोर दाबाच्या रूपात मणक्यांवर येतो. इथपर्यंत बिनचूक.

पण हे कॉम्प्युटरवरचं मॉडेल होतं. त्यात एकही माणूस तपासलेला नव्हता. भार वाढतो हे खरं, पण भार वाढला म्हणजे इजा झाली असं कुठे आहे? जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो, म्हणून आपण जिन्याला रोग म्हणत नाही (लिफ्ट बंद पडल्यावर म्हणतो, ती गोष्ट वेगळी).

मग माणसं तपासली तेव्हा काय दिसलं? २०१८ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरोत १८ ते २१ वयाच्या १५० विद्यार्थ्यांचा अभ्यास छापून आला. फोन वापरताना त्यांची मान किती वाकते हे फिजिओथेरपिस्टनी ठरवलं, आणि मान दुखते का हे मुलांना विचारलं. वाकणाऱ्या मानेचा आणि दुखणाऱ्या मानेचा संबंध सापडला नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधला पाच वर्षांचा अभ्यास आला होता, सात हजारांहून जास्त तरुणांचा. जास्त मेसेज टाइप करणाऱ्यांत मान आणि पाठीचा वरचा भाग दुखण्याच्या तक्रारी जास्त होत्या, हे खरं. पण ज्यांना आधी काहीच दुखत नव्हतं त्यांना पुढे मेसेजमुळे दुखायला लागलं, असं काही ठामपणे दिसलं नाही. दुखणं आधीपासून असलेल्यांचं ते टिकून राहिलं, इतकं दिसलं. २०१९ च्या उन्हाळ्यात तर आणखी कहर. 'मोबाईलमुळे तरुणांच्या कवटीला शिंगं फुटतायत' अशी बातमी जगभर फिरली. मूळ पेपर ऑस्ट्रेलियाचा, आदल्या वर्षीचा. त्यात एक्स-रे होते, पण फोन कोण किती वापरतं हे मोजलेलंच नव्हतं. त्या जर्नलला नंतर दुरुस्ती छापावी लागली. दुरुस्तीची बातमी अर्थातच कोणी फॉरवर्ड केली नाही.

आणि सगळ्यात मोठा आकडा. जगभरातल्या आजारांचा हिशोब ठेवणाऱ्या अभ्यासानुसार २०२० मध्ये सुमारे २० कोटी ३० लाख लोकांची मान दुखत होती. अफाट संख्या आहे. पण लोकसंख्या आणि वय यांचा हिशोब जमेस धरला, तर १९९० पासून २०२० पर्यंत मानदुखीचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलंय. १९९० मध्ये स्मार्टफोन सोडा, आपल्याकडे साधा मोबाईलही नव्हता. मानदुखी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि कॉलेजच्या पोरांपेक्षा पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत जास्त. हे काही रील्स बघणाऱ्या पोराचं चित्र नाही.

मग सगळी भीती खोटी का? तर तसंही नाही. इथे इतिहास कामाला येतो.

इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. रोग्याला डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यात 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न घाला, असं सांगणारा हा माणूस. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर लिहिलं. कारकुनांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेनं न थांबता होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे, पण आपल्या ऑफिसच्या भिंतीवर आज लावला तर कोणाला शंका येणार नाही. यात कोनाचा उल्लेख नाही हेही लक्षात घ्या. बसून राहणं, तेच तेच करणं, आणि ताण.

आपल्याकडचे कारकून जमिनीवर बैठक मारून मोडीत फर्डं लिहायचे. समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी. पोथी वाचणाऱ्यासमोर घडीची लाकडी चौकट. म्हणजे डोळे कागदाकडे नेण्याऐवजी कागद थोडा डोळ्यांकडे आणायचा, ही युक्ती आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. तरी 'मान मोडून काम करणे' हा वाक्प्रचार आलाच. फोन यायच्या कितीतरी आधी.

पुढचा अंक एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातला. शाळा सक्तीच्या होऊ लागल्या, पोरं तासन् तास बाकावर बसायला लागली, आणि डॉक्टरांना घोर लागला. १८६७ मध्ये ब्रेस्लाऊचे (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) डोळ्यांचे डॉक्टर हर्मन कोन यांनी १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले. त्या काळी एवढा डेटा गोळा करायचा म्हणजे काय! वरच्या इयत्तेत जावं तसा चष्म्याचा नंबर वाढत जातो, असं त्यांना दिसलं. दोष कोणाचा? बाकाचा आणि अंधाऱ्या वर्गांचा. पोरं पुस्तकावर वाकतात म्हणून डोळे बिघडतात आणि पाठही. मग शाळेच्या बाकांची नवीनवी डिझाइन्स निघाली, उंची आणि उतार यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले.

कोनना दिसलेला आजार शंभर टक्के खरा होता. शाळेबरोबर जवळचं दिसणं खरंच वाढत होतं. पण बाकं बदलून ते काही थांबलं नाही. दीडशे वर्षांनी, २०१५ मध्ये, चीनच्या ग्वांगझोमधला एक प्रयोग छापून आला. त्यात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची घराबाहेर काढली. तीन वर्षांत या शाळांमध्ये चष्मा लागणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं. म्हणजे पोरगं वाकून काय करतंय याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचं होतं ते काय करत नाहीये. ते उन्हात जात नव्हतं.

माझ्या मते फोनच्या बाबतीत आपण नेमके १८६७ मध्ये आहोत. काहीतरी होतंय हे बरोबर दिसतंय, आणि बोट बाकाकडे दाखवतोय.

आता परत यवतमाळला जाऊ, कारण वाकलेल्या मानेचा खरा मोठा इतिहास तिथे आहे.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६४ च्या सुमारास हा जिल्हा वेगळा झाला. त्याला आधी आग्नेय वऱ्हाड आणि मग वणी जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळालं, आणि त्याच फेरबदलात पुसद तालुका वाशीम जिल्ह्यातून इकडे आला. या सगळ्यामागे एकच पीक, कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे नजर वळवली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्टेशनला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या खाजगी कंपनीनं मूर्तिजापूर-यवतमाळ अशी अरुंद रुळांची लाईन टाकली. तीच आपली 'शकुंतला'. तिचं मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. त्या इंजिनवर किती लेख, किती फोटो, किती आठवणी!

पण डब्यात भरलेला कापूस झाडावरून कोणी काढला? हातानं, एकेक बोंड करून, बहुतेक बायकांनी. आजही आपल्याकडे कापूस हातानंच वेचला जातो. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. कमरेला कापडाची झोळी, त्यात कापूस जमत जातो तसं वजन वाढत जातं, आणि नजर सतत खाली. बोंडं गुडघ्यापासून छातीपर्यंत कुठेही असतात. त्याआधी पावसाळ्यात निंदण (पश्चिम महाराष्ट्रात खुरपणी म्हणतात ते), उकिडवं बसून, मान खाली. घरी आल्यावर पाणी आणायचं, सरपण आणायचं, ते डोक्यावर. मजुरी किलोवर. जितका कापूस तितके पैसे. म्हणजे मान वर करून दोन मिनिटं उभं राहिलं तर त्याचेही पैसे कापले जातात, फक्त कापणारा कोणी दिसत नाही.

या दुखण्याला नाव काय? काही नाही. "मान धरलीये", "मान भरून आलीये", इतकंच. तेल लावायचं, शेकायचं आणि सकाळी परत.

आता इथे तंत्रज्ञानाच्या इतिहासातली एक शेजारची गोष्ट सांगतो. १८७० मध्ये मुंबई ते इंग्लंड समुद्राखालून तार जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव जिथे यायला आठवडे लागायचे, तिथे तो काही तासांत मुंबईत येऊ लागला आणि तिथून तारेनं पुढे. त्या काळचं इंटरनेटच म्हणा ना. आता तार पाठवणारे कारकून दिवसभर एकाच बटणावर टकटक करायचे. त्यांचे हात आखडायला लागले. या दुखण्याला इंग्लंडमध्ये नाव मिळालं, 'तारवाल्यांचा पेटका'. १९०८ मध्ये तो भरपाई मिळण्याजोग्या कामाच्या आजारांच्या यादीत गेला, आणि १९११ मध्ये त्यावर सरकारी चौकशी अहवालही आला.

म्हणजे एकाच धंद्याची दोन टोकं बघा. कापसाचा भाव तारेवर टकटकवणाऱ्या कारकुनाच्या हाताला नाव मिळालं, यादी मिळाली, भरपाई मिळाली. तोच कापूस वेचणारीच्या मानेला काही नाही. दुखणं दोघांचंही खरं होतं. फरक इतकाच की एकाचं दुखणं शहरात होतं, पगारी होतं, आणि डॉक्टरला विचारता येण्याजोगं होतं. 'टेक्स्ट नेक' हा शब्द सहा-सात वर्षांत जगभर का पसरला, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं. तो आपल्यासारख्यांच्या मानेचा शब्द आहे.

मग नाव नसलेल्या मानांचं काही भलं झालंच नाही का? झालं, पण बाजारात. महाराष्ट्रात डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालांसाठी १९५० च्या दशकात बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली. १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आलेला. या कायद्यानं नोंदणी आली, मंडळं आली, मजुरीचा हिशोब आला, भविष्य निर्वाह निधी आला. "हमालांनो, मान ताठ ठेवा" असं पोस्टर लावून हे झालं नाही. काम किती, किती वेळ आणि कोणाच्या मर्जीनं, यावर हमालांना बोलता येऊ लागलं तेव्हा झालं. शेतात कापूस वेचणारी बाई मात्र या कायद्यात बसत नाही.

हे सगळं ठीक आहे हो, पण फोनचं काय? तर फोनचा आणि मानेचा इतिहासही मजेशीर आहे. तारेच्या फोननं मान पुढे नाही, बाजूला वाकवली. रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबायचा आणि दोन्ही हातांनी रजिस्टर चाळायचं, ही मुद्रा प्रत्येक जुन्या ऑफिसात दिसायची. रिसीव्हरला चिकटवायचा प्लॅस्टिकचा खांदा-टेकू मिळायचा बाजारात. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे, त्यामुळे मान दुखेपर्यंत बोलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती! मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी बॅटरीचा दिवा असलेला नोकिया ११०० आला आणि फोन खेड्यापाड्यांत शिरला. तोवर फोन म्हणजे कानाची वस्तू. माणूस बोलत बोलत येरझारा घालायचा, हातवारे करायचा. २००७ मध्ये आयफोन आला, मागोमाग अँड्रॉइड, आणि फोन कानाकडून डोळ्यांकडे गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि डोळ्यांना थांबायचं कारण उरलं नाही.

माझ्या मते मानेच्या दृष्टीनं खरा बदल हाच. कानावरचा फोन माणसाला चालू द्यायचा, डोळ्यांपुढचा फोन माणसाला गोठवतो. कोणी म्हणेल, पुस्तकानंही तेच होत होतं. बरोबर. पण पुस्तकाचं पान उलटावं लागतं, प्रकरण संपतं, पुस्तक संपतं. वेबसाइटवरही पूर्वी तळाशी '१ २ ३ पुढे' असे आकडे असायचे. २००६ मध्ये अझा रॅस्किन या डिझायनरनं न संपणारं स्क्रोल काढलं, आणि ते आकडे गेले. पुढे त्यानं स्वतःच याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तांत्रिकदृष्ट्या ती एक सुंदर कल्पना होती, यात वाद नाही. पण 'पुढे' वर क्लिक करायचा तो अर्धा सेकंद म्हणजे मान वर करायची संधी होती. आपल्या धंद्यातल्या हुशार लोकांनी ती घर्षण समजून काढून टाकली.

वेचणाऱ्या बाईला मान वर करू देत नाही तो किलोचा दर. आपल्याला मान वर करू देत नाही ती न संपणारी यादी. या दोन गोष्टी एका तागडीत घालायचा माझा अजिबात इरादा नाही. तिला पोटासाठी वाकावं लागतं, आपण सोफ्यावर बसून वाकतो, आणि आपली मान दुखली तर कंपनी खुर्ची बदलून देते. पण स्नायूंना कारण कळत नाही, त्यांना फक्त एवढंच कळतं की बराच वेळ झाला आणि सुटका नाही. रामाझिनींनी १७१३ मध्ये हेच लिहिलं होतं.

थोडक्यात काय, अंश मोजत बसण्यात अर्थ नाही. मान वाकण्यासाठीच बनलेली आहे, सात मणके काय उगाच दिलेत? 'एकच बरोबर मुद्रा' नावाची गोष्ट नाही. बरोबर मुद्रेत दोन तास पुतळ्यासारखं बसलात तरी मान धरणारच. मग करायचं काय? फोन थोडा वर धरा, कोपर कशावर तरी टेकवा (पोथीवाल्यांची युक्ती). लांबलचक वाचायचं असेल तर मोठ्या स्क्रीनवर वाचा. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, कोणाशी तरी भांडून या. फोनवर बोलायचं असेल तर चालत बोला. रात्री फोन उशाशी घेऊन झोपेची वाट लावू नका, कारण अपुऱ्या झोपेनं दुखणं जास्त जाणवतं.

आणि व्यायाम. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांवर एक प्रयोग झाला, २०११ मध्ये छापला. बहुतेक सगळे ऑफिसवाले. रबरी पट्टा ओढून हात बाजूला वर करायचे, आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला फक्त दोन मिनिटं. दहा आठवड्यांत दुखणं कमी झालं. बारा मिनिटं करणाऱ्यांनाही साधारण तेवढाच फायदा. दोन मिनिटं! कोडचा बिल्ड व्हायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

एक गंभीर सूचना मात्र. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडत असेल, चालताना तोल जात असेल, पडल्या-झडल्यानंतर मान दुखत असेल, किंवा दुखण्याबरोबर ताप असेल तर ब्लॉग वाचत बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा.

आता बांशीच्या ठरावाकडे परत बघा. बंदी कितपत पाळली जाते हा वेगळा विषय, आणि शिक्षणासाठी फोन लागतोच हा आक्षेपही रास्त आहे. पण पोरांच्या मानेचा कोन मोजण्यापेक्षा, पोरं खेळत नाहीत, पुस्तक उघडत नाहीत, हलत नाहीत, हे त्या ग्रामसभेला जास्त महत्त्वाचं वाटलं. हर्मन कोन यांनी दहा हजार मुलं तपासूनही जे निसटलं ते यांनी गावच्या पारावर बसून हेरलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट २०२२ पासून, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं दुसरा मार्ग काढला. तिथे बंदी नाही. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला भोंगा परत वाजतो. मधला दीड तास वाचायचं, लिहायचं, बोलायचं. या उपक्रमाची बातमी परदेशातही गेली.

सॉफ्टवेअरवाल्या नजरेनं बघितलं तर हा भोंगा म्हणजे स्क्रोलच्या तळाशी परत बसवलेले '१ २ ३ पुढे' चे आकडे. कोणी सक्तीनं मान ताठ करत नाही, फक्त वर बघायची वेळ झाली एवढं सांगतो. पुढच्या स्प्रिंटमध्ये 'पुढे' हे बटण परत आणा असं सुचवून बघा एकदा. मीटिंगमधल्या सगळ्यांच्या माना एकदम वर होतील, याची खात्री.